सिन ठेवलेली जागा

ओन्ताला गाडी लागायची. लहानपणी नदी ओलांडताना होडीतसुद्धा तिच्या पोटात ढवळायचं, मग बसचं तर विचारायलाच नको. गेल्या महिन्यात लुआंग प्राबांगहून विएंतियानला येताना दहा तासांच्या रस्त्यात ती अकरा वेळा ओकली होती. स्टँडवर घ्यायला आलेल्या धाकट्या बहिणीनं, बुआवाननं, तिला हाताला धरून उतरवलं आणि विचारलं, "आत काही शिल्लक आहे का गं ताई, की सगळं घाटातच ठेवून आलीस?"

तेव्हा ते हसण्यावारी गेलं. आता परत जायची वेळ आली तेव्हा दोघींपैकी कुणालाच हसू येत नव्हतं.

नऊ दिवसांपूर्वी ओन्ताच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डावा डोळा केव्हाच गेलेला, त्याचं काही होण्यासारखं नव्हतं. पट्टी सोडली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सावकाश, एकेक बोट दुमडत सांगितलं होतं, "आजी, अजून पंधरा दिवस खाली वाकायचं नाही. जड उचलायचं नाही. आणि ओकायचं तर अजिबात नाही. ओकताना सगळा जोर डोळ्यावर येतो. आतले टाके सुटले तर पुढे काय होईल ते मला सांगता येणार नाही."

"आणि परत जायचं असेल तर?"

बाईंचं डोळ्यांच्या डॉक्टरांचं फिरतं पथकच परवा लुआंग प्राबांगच्या दवाखान्यात जाणार होतं, ओन्ताची तपासणी तिथेच व्हायची होती. विएंतियानला मागे कुणी राहणार नव्हतं. पथक विमानानं जाणार होतं. ओन्तानं विमान फक्त आपल्या शेतावरून जाताना ऐकलं होतं.

"मग अगदी पुढची जागा मिळवा," बाई म्हणाल्या. "दाराजवळची, जिथून समोरचा रस्ता लांबवर दिसतो. मान ताठ ठेवायची आणि लांब बघत राहायचं. मागे बसू नका. चाकावर तर नकोच."

गोळीचा उपयोग नव्हता. गाडी न लागण्याची गोळी ओन्ता दरवेळी घ्यायची, आणि तीही पहिल्याच वळणाला बाहेर पडायची.

तेव्हा प्रश्न एवढाच होता की पुढची जागा मिळवायची कशी. तिकिटावर आकडा छापलेला असतो खरा, पण उत्तरेच्या स्टँडवर तो आकडा कुणी वाचत नाही. जो आधी येतो तो सीटवर आपली वस्तू ठेवतो. कुणी टोपी, कुणी भाताची टोपली, कुणी पाण्याची बाटली. मग तो खुशाल खायला जातो. वस्तू ठेवली की जागा धरली, हे सगळ्यांना मान्य. फक्त म्हाताऱ्या बाईची टोपली असली की ती जरा लवकर सरकते. येताना ओन्तानं दुसऱ्या ओळीत टोपली ठेवली होती, ती बसायला गेली तेव्हा टोपली सातव्या ओळीत, अगदी चाकावर पोचली होती. कुणी नेली, कुणालाच माहीत नव्हतं.

"या वेळी टोपली ठेवायचीच नाही," बुआवान म्हणाली. बहिणीबरोबर घरापर्यंत ती जाणारच होती. "तुझं जुनं सिन ठेवू. नेसतं."

ओन्तानं तिच्याकडे एका डोळ्यानं रोखून पाहिलं. बाईच्या कमरेला गुंडाळलेलं सिन, त्याला कुठला पुरुष हात लावतो? त्याच्या गळ्यातल्या ताइताचं बळ जातं, अंगातला जोर उतरतो. घरात ते वाळत घातलेलं असलं तर पुरुष त्या दोरीखालून वाकून जात नाहीत, वळसा घालून जातात.

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणतील. हात तर लावणार नाहीत ना?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघी स्टँडवर पोचल्या. गाडी आठची होती. दार उघडंच होतं. आत अजून कुणी नव्हतं, फक्त कंडक्टर बुनलित पार्सलांची खोकी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर रचत होता. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले तीन ताईत. बुआवाननं दाराजवळच्या पुढच्या जोडसीटवर निळ्या काठाचं जुनं सिन पसरलं, दोन्ही जागांवर पोचेल असं, आणि हातानं नीट केलं.

बुनलितनं पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. "ताई, हे काय गं? समोर बुद्धाची मूर्ती आहे, हार घातलाय."

"मूर्ती वर आहे, सिन खाली आहे. काही बिघडत नाही. ही आमची जागा आहे, लक्षात ठेव."

"लक्षात न ठेवून सांगतो कुणाला. आज स्वप्नातसुद्धा येईल ते."

हळूहळू माणसं आली. टोप्या, टोपल्या, पिशव्या सीटांवर पडत गेल्या. सोमफू नावाचा मोटारसायकलच्या टायरांचा व्यापारी आला, सिन बघून थबकला, आणि मागच्या ओळीत आपली टोपी ठेवत म्हणाला, "वा, पुढच्या सीटला पोलीसच बसवलाय." गाडीतले सगळे हसले. ओन्ता बाहेर सावलीत उभी होती, तिला ते ऐकू आलं. तिचे कान तापले, पण मनातून तिला बरंही वाटलं. जागा पक्की होती.

सात वाजता डोळ्यात थेंब घालायचे होते. थेंब घातले की दहा मिनिटं उताणं पडून डोळा मिटून राहायचं, असा नियम होता. तिकिटाच्या खिडकीमागे एक लांब बाक होता. ओन्ता तिथे आडवी झाली, बुआवाननं थेंब घातले आणि शेजारी बसून ती पंख्यासारखी चटईची घडी हलवत राहिली. बहिणीचा डोळा लागला. बुआवाननं तिला उठवलं नाही. अर्धा तास झोपली तर रस्त्यात बरं पडेल, असं तिला वाटलं.

त्या अर्ध्या तासात गाडी बदलली.

ड्रायव्हर फेतनं निघण्याआधी सवयीनं ब्रेक दाबून पाहिला, तर पाय खालीच गेला. त्यानं दुसऱ्यांदा दाबला, मग खाली उतरून चाकाजवळ वास घेतला आणि मान हलवली. शेजारी दुसरी गाडी उभी होती, याहून जुनी, पण सीटा तशाच. ती न्यायचं ठरलं. माणसं ओरडत, हसत इकडून तिकडे गेली. बुनलित आपल्या परीनं प्रामाणिक माणूस होता. भांडणं नकोत म्हणून त्यानं प्रत्येक सीटवरची वस्तू उचलली आणि नव्या गाडीत नेमक्या त्याच सीटवर नेऊन ठेवली. टोपीच्या जागी टोपी, टोपलीच्या जागी टोपली. पार्सलांची खोकीसुद्धा ड्रायव्हरच्या मागे तशीच रचली.

फक्त एक वस्तू त्याला उचलता आली नाही. तो दोनदा त्या सीटपाशी गेला. एकदा काठीनं उचलावं असं त्याच्या मनात आलं, पण काठी तरी हातातच धरायची. येतील आणि नेतील त्या बायका, असं म्हणून त्यानं ते तिथेच सोडलं.

पावणेआठला एक वयस्कर भंते आले. हातात छत्री, खांद्याला झोळी. भंतेंना पुढची जागा द्यायची हे बुनलितला कुणी सांगायला नको होतं. नव्या गाडीत दाराजवळची पुढची सीट रिकामी होती, तिच्यावर काहीच नव्हतं. त्यानं हात जोडून भंतेंना तिथे बसवलं. भंतेंच्या शेजारी बाई बसू शकत नाही, म्हणून सोमफू आपली टोपी घेऊन मागून पुढे आला आणि खुशीत बसला.

ओन्ता आणि बुआवान आल्या तेव्हा गाडी भरली होती आणि इंजिन सुरू होतं.

"आमची जागा," बुआवान बुनलितला म्हणाली. आवाज मोठा नव्हता, म्हणून जास्त लागला. "मी तुला काय सांगितलं होतं?"

"ताई, गाडी बदलली. मी काय करू? सगळ्यांचं सामान आणलं. तुमचं तेवढं..." बुनलितनं डोकं खाजवलं. "मागे दोन जागा आहेत. शेवटून दुसऱ्या ओळीत."

"तिचा डोळा कापलाय, माहीत आहे का तुला? तिला मागे बसवतोस?"

ओन्तानं बहिणीचा दंड धरला. पुढच्या सीटवर तिला भगवं चीवर दिसत होतं. चाळीस वर्षं ती रोज पहाटे भिक्खूंच्या पात्रात भात घालत आली होती, गुडघे टेकून, डोकं खाली करून. "चल," ती म्हणाली. "भंते बसलेत. त्यांना उठवायचं का आपण?"

"पण ताई..."

"चल म्हणते ना."

ती मागे गेली. सीट नेमकी चाकावर होती. समोरच्या सीटची पाठ नाकाशी आलेली, त्यामुळे रस्ता कसला, एका माणसाचं डोकंच तेवढं दिसत होतं. गाडी नुसती उभ्या उभ्या थरथरत होती आणि डिझेलचा वास येत होता, एवढ्यानंच ओन्ताच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. ते पाणी तिच्या ओळखीचं होतं. तिनं दात आवळले. अजून स्टँडसुद्धा सोडलं नाही, तिच्या मनात आलं. वर घाटात काय होणार? तिनं उजव्या डोळ्यावर हात धरला, जणू तो आत्ताच गळून पडेल.

तेवढ्यात दारात स्टँडवर रस्सा विकणारी आणि रिकाम्या गाड्याही झाडणारी रस्सेवाली आली. हातात निळ्या काठाचं सिन, तिनं ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं होतं.

"अहो, हे कुणाचं? त्या गाडीत पुढच्या सीटवर पडलंय. मी झाडायला गेले होते. चांगलं आहे अजून, फेकू कसं?"

गाडीत हशा पिकला. सोमफूला राहवलं नाही. "बघा, सगळी टोळी इकडे आली आणि पोलीसच मागे राहिला."

भंतेंनी मान वळवली. "काय झालं? कुणाचं आहे ते?"

हसणं एकदम थांबलं. बुनलित खिडकीबाहेर बघायला लागला. सोमफूनं टोपी मांडीवर घेतली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत बसला.

ओन्ताला कळलं की आता गप्प राहिलं तरी चालेल. रस्सेवाली ते सिन घेऊन परत जाईल, गाडी निघेल, भंतेंना कधी कळणार नाही की कुठल्या बाईनं त्यांच्या जागेवर नेसतं वस्त्र पसरलं होतं. अब्रू राहील. आणि ती या चाकावर बसून घाट चढेल.

ती सीटची पाठ धरून सावकाश उभी राहिली. वाकायचं नव्हतं, म्हणून तिला नीट नमस्कारही करता येईना. तिनं उभ्यानंच हात कपाळाला लावले.

"माझं आहे, भंते."

"तुझं? मग तिथे कसं राहिलं, माई?"

"मी ठेवलं होतं. जागा धरायला. कुणी उचलू नये म्हणून मुद्दाम ठेवलं. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. ओकले तर डोळा जाईल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. मला गाडी लागते, भंते. पुढे बसले तर कमी लागते. चुकलं माझं. क्षमा करा."

भंतेंनी तिच्याकडे आणि मग दारातल्या सिनकडे पाहिलं. मग त्यांनी बुनलितला विचारलं, "सगळ्यांच्या जागा तू इकडे आणल्यास?"

"हो, भंते. एकूणएक."

"आणि हिची?"

"भंते, मी कसा हात लावणार? माझे ताईत..."

"हात नको लावूस. तोंड होतं ना? मला बसवताना सांगायचं, की बाबा, ही जागा एका आजीची आहे."

भंते उठले, झोळी घेतली. "ते वस्त्र त्या गाडीत राहिलं. ही सीट कोरी आहे. माई, ये पुढे. मी ड्रायव्हरच्या मागे बसतो."

"तिथे खोकी आहेत," बुनलित म्हणाला. "आणि समोर पडदा आहे, भंते. काही दिसत नाही तिथून. तुम्हाला पण तर गाडी लागते, मघाशी म्हणालात."

"लागते. फार लागते." भंते हसले. "डोळे मिटून बसायचं तर आमचं कामच आहे. बघू आज जमतं का."

सोमफू उठला. कुणी सांगायच्या आत त्यानं दोन खोकी खांद्यावर घेतली आणि मागे निघाला. ओन्ताजवळून जाताना तो म्हणाला, "आजी, मी जातो चाकावर. माझं पोट टायरसारखंच आहे, काही होत नाही त्याला." रस्सेवालीनं सिनची घडी करून एका काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली, गाठ मारली आणि ती बुआवानच्या हातात दिली. बुआवाननं ती टपावरच्या सामानात द्यायला म्हणून दाराशी ठेवली. बुनलित तेव्हा सोमफूबरोबर मागे खोकी लावत होता, त्यानं ते पाहिलं नाही; निघताना दाराशी दिसलेली पिशवी त्यानं इतर सामानाबरोबर टपावर टाकली.

गाडी निघाली. वांग वियेंगपर्यंत रस्ता सरळ होता. भंतेंना बाराच्या आत जेवायचं होतं, म्हणून फेतनं तिथे गाडी साडेअकरालाच थांबवली. ओन्तानं काही खाल्लं नाही. सकाळी चिकट भाताचे दोन घास घेतले होते, तेवढेच. ती मान ताठ ठेवून समोर बघत होती. काच मोठी होती. रस्ता तिच्याकडे येत होता, तिच्या अंगावरून जात नव्हता. नऊ दिवसांत तिनं बहिणीच्या घराच्या भिंती आणि दवाखान्याच्या भिंती पाहिल्या होत्या. आता तिला लांबच्या डोंगरावरचं एकेक केळीचं झाड वेगळं दिसत होतं, आणि त्याच्या फाटलेल्या पानांतून पलीकडचंही दिसत होतं.

कासीच्या पुढे घाट लागला.

पहिल्या दहा वळणांतच बुआवान हिरवी पडली. पिशवी तोंडाशी धरून ती हळूच म्हणाली, "तुझ्या वाटचं मी ओकते, ताई. तू बघ समोर." ओन्तानं न वळता एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि फिरवत राहिली. तिच्याही पोटात आता खालून वर काहीतरी सरकायला लागलं होतं. कपाळ थंड पडलं. तिनं ओठ घट्ट मिटले.

शेजारच्या बाजूनं, पडद्यामागून, भंतेंचा बारीक आवाज आला. "माई."

"काय, भंते?"

"पुढचं वळण कुठल्या बाजूला आहे?"

तिला काही समजलं नाही. "डावीकडे."

गाडी डावीकडे वळली. भंतेंनी आधीच अंग सावरून धरलं होतं. "बरं वाटलं," ते म्हणाले. "आधी कळलं की पोट फसत नाही. पुढचं सांगशील का?"

"उजवीकडे. मोठं आहे. त्याच्या पुढे लगेच डावं."

"आणि त्याच्या पुढे?"

ओन्तानं डोळा बारीक केला. दोन डोंगरांच्या पलीकडे रस्त्याची पांढरी रेघ दिसत होती. "त्याच्या पुढे एक घर आहे, बाहेर मिरच्या वाळत घातल्यात. तिथून पुन्हा उजवं."

मग ती सांगतच गेली. डावं. उजवं. छोटं डावं. समोर ट्रक आहे, थांबेल. उजवं, फार मोठं, आतल्या बाजूला दगड पडलेत. सांगायचं म्हणजे बघायला हवं, आणि बघायचं म्हणजे पोटाकडे लक्ष द्यायला वेळ कुठला. मागच्या ओळीतलं एक पोर तिच्या आवाजावर झुकायला लागलं. मग त्याची आई झुकली. मग अर्धी गाडी. ओन्ता "डावं" म्हणाली की सगळे सावरून बसायचे.

"आजी," फेत आरशात बघत म्हणाला, "माझं लायसन तुम्हीच घ्या. मी मागे जाऊन झोपतो."

"तू हळू चालव आधी. मला सांगायला वेळ मिळायला हवा."

"चालवतो. तुमच्यापुढे आमचं काय चालतंय." आणि तो खरंच हळू चालवायला लागला.

फू खूनच्या माथ्यावर धुकं आलं, तेवढा एक तुकडा वाईट गेला. रस्ता दिसेना. ओन्ताला सांगायला काही उरलं नाही आणि पोटानं लगेच डोकं वर काढलं. तोंडात पाणी भरलं. तिनं बुआवानच्या मांडीवरची पिशवी चाचपली, मग हात मागे घेतला. समोर नुसतं पांढरं होतं. त्या पांढऱ्यात ती टक लावून बसली. कुठेतरी एक लाल ठिपका असेल, एखादं झाड असेल, काहीतरी असेल.

"माई?" भंतेंनी पडद्यामागून हाक मारली. "आहेस ना?"

"आहे, भंते. थांबा जरा." आणि मग तिला दिसलं, किलोमीटरचा दगड, लाल डोक्याचा, आणि त्याच्यामागे वळणारा रस्ता. "डावं," ती म्हणाली. एवढ्या जोरात, की मागे झोपलेला सोमफू जागा झाला.

धुकं मागे राहिलं. उतार लागला.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला, उन्हं नदीवर तिरपी असताना, गाडी लुआंग प्राबांगच्या स्टँडवर शिरली. ओन्ता बसूनच राहिली. गाडी थांबली आहे, आता वळण नाही, हे तिच्या अंगाला पटायला थोडा वेळ लागला. तिनं डोळ्यावर हळूच बोट ठेवलं. कोरडा होता. दुखत नव्हता. समोरच्या पाटीवरची अक्षरं एकेक सुटी दिसत होती.

भंते उतरताना तिच्यापाशी थांबले. "माई, बत्तीस वर्षं या रस्त्यानं येतो-जातो. आज पहिल्यांदा पिशवी कोरी राहिली." त्यांनी झोळीतून रिकामी पिशवी काढून दाखवली. ओन्तानं हात जोडले. आता तिला रडू येत होतं, पण रडलेलं डोळ्याला चालतं की नाही हे तिनं बाईंना विचारलं नव्हतं, म्हणून तिनं ते आवरलं.

बुनलित टपावर चढून सामान खाली देत होता. शेवटची वस्तू एक छोटी प्लास्टिकची पिशवी होती. शिडी उतरायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यानं पिशवीचे बंद गळ्यात अडकवले, अगदी ताइतांवर, आणि तो खाली आला. दोघी आता खाली उतरल्या होत्या; बुआवान ताईशेजारी बाकावर डोकं धरून बसली होती, पण तेवढ्यातूनही तिनं ताईला कोपर मारलं. ओन्तानं तिच्याकडे बघितलंच नाही.

"ही तुमची ना, आजी?" बुनलितनं पिशवी गळ्यातून काढून तिच्या हातात दिली. सकाळपासून तिच्याशी बोलायला त्याला तोंड नव्हतं, आता संधी मिळाली होती. "रागावू नका हं माझ्यावर. चुकलंच."

"नाही रे बाबा, राग कसला. जड नव्हती ना?"

"छे. कापसासारखी. पुढच्या वेळी या, दाराजवळची जागा तुमचीच. काही ठेवायलाही नको."

"बरं," ओन्ता म्हणाली आणि तिनं पिशवी काखेत घातली.

तिचा मुलगा तुई मोटारसायकल लावून धावत आला. दरवेळी आईला उतरवून घ्यायचं म्हणजे काय असतं हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याच्या हातात पाण्याची बाटली आणि ओला पंचा होता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"किती वेळा, आई?" त्यानं भीत भीत विचारलं.

"एकदाही नाही."

"खरं?"

"मावशीला विचार. माझ्या वाटचं तिनं ओकलं." ओन्तानं त्याच्या हातातली बाटली घेतली, दोन घोट घेतले आणि आजूबाजूला बघितलं. स्टँडच्या कडेला कुणीतरी निखाऱ्यावर मासे भाजत होतं. तिला वास आला आणि तिच्या पोटानं, दिवसभरात पहिल्यांदा, स्वतःहून काहीतरी मागितलं.

"घरी भात लावलाय का रे?" ती म्हणाली. "नसेल तर इथेच बसू. मला भूक लागलीय."